अनुभव धागा: विलायतेतली थंडी, हीटिंगचं बिल आणि ज्येष्ठांना मिळणारी सरकारी मदत

मिल्टन_कीन्सकर
घड्याळं तासभर मागे गेली. आता हीटिंग लावायचं की अजून आठवडाभर दम धरायचा यावरून घराघरांत कुरबुर सुरू झाली असेल. 1997 पासून पेन्शनरांना सरसकट मिळणारं विंटर फ्युएल पेमेंट (हीटिंगच्या खर्चासाठी सरकार देतं ती रक्कम) 2024 च्या हिवाळ्यात पेन्शन क्रेडिटसारखे (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना मिळणारी पूरक मदत) लाभ घेणाऱ्यांपुरतंच ठेवलं होतं. बरीच ओरड झाली आणि जून 2025 मध्ये सरकारनं माघार घेतली. 2025-26 च्या हिवाळ्यात इंग्लंड-वेल्समध्ये 22 सप्टेंबर 1959 च्या आधी जन्मलेल्यांना घरटी 200 पौंड, घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर 300. ज्यांचे आपोआप येतात त्यांनी नुसतं +१ लिहिलं तरी चालेल. ज्यांचं कुठे अडलं, त्यांनी सविस्तर लिहा.

लेस्टरची_सून
सासूबाई ब्याऐंशीच्या, एकट्या राहतात. मागच्या हिवाळ्यात आम्ही गेलो तर अंगात दोन स्वेटर, डोक्याला मफलर, आणि सगळा संसार स्वयंपाकघरात आणलेला. बाकीच्या खोल्यांचे रेडिएटर बंद. "मला नाही वाजत थंडी," म्हणाल्या, पण चहाचा कप दोन्ही हातांनी धरून ठेवलेला, चहा संपला तरी.

पेन्शन क्रेडिटचं नाव काढलं की एकच उत्तर: "आजवर कुणापुढे हात पसरला नाही." नवऱ्यानं शेवटी त्यांना विचारलं, "तू वीस वर्षं होजिअरीच्या कारखान्यात टॅक्स भरलास तो कुणासाठी?" मग जरा नरमल्या.

फॉर्मचा धसका घेऊ नका, पण वेळ काढून बसा. दोनशेच्या वर प्रश्न आहेत. सगळेच सगळ्यांना लागू नसतात, फोनवरूनही भरून घेतात. आमची गाडी अडली ती बचतीपाशी. दहा हजार पौंडांपर्यंतची बचत धरत नाहीत. त्यापुढच्या दर 500 पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न धरतात. आणि इथेच आपली माणसं गप्प बसतात: भारतातली मालमत्ताही सांगावी लागते. कोथरूडचा फ्लॅट, गावच्या घरातला हिस्सा, बँकेतल्या ठेवी, सगळं. सासूबाईंचा सांगलीच्या घरात भावांबरोबर हिस्सा होता. दीर म्हणाले, कशाला सांगायचं, कुणाला कळणार आहे. मी ऐकलं नाही. कागद मागवले, हिश्श्याची किंमत लिहिली, आणि तरीही त्या पात्र ठरल्या.

एकट्या माणसाचं आठवड्याचं उत्पन्न ठरलेल्या रकमेच्या (2025-26 मध्ये 227.10 पौंड) खाली असेल तर पेन्शन क्रेडिट ते तिथवर आणून देतं. पात्र असाल तर अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांचे पैसेही मिळतात. खरी गंमत पुढे आहे. एकदा ते मिळालं की टीव्ही लायसन्स फुकट (पंचाहत्तरीनंतर), काउन्सिल टॅक्समध्ये (इथल्या घरपट्टीत) सूट, आणि सलग सात दिवस सरासरी तापमान शून्यावर किंवा खाली गेलं की 25 पौंडांचं कोल्ड वेदर पेमेंट न मागता जमा. त्यामुळे 200-300 पौंडांवरच भांडत बसलेल्यांना मी सांगते, आधी हे दार ठोठवा.

निवृत्त_जीपी
दुसरी बाजू लिहितो. सत्तरच्या दशकात एनएचएसमध्ये (इथल्या सरकारी आरोग्यसेवेत) डॉक्टर म्हणून आलेल्या आमच्या पिढीचं पेन्शन बरं आहे. वर्षाचं करपात्र उत्पन्न 35,000 पौंडांच्या वर असेल तर विंटर फ्युएलचे पैसे आधी खात्यात येतात आणि मग कर खातं ते परत घेतं, टॅक्स कोड बदलून (म्हणजे पेन्शनमधूनच जास्त कर कापून) किंवा सेल्फ असेसमेंटमधून (आपण भरतो त्या कर विवरणातून). 200 पौंड म्हणजे पुढच्या वर्षी महिन्याला साधारण 17 पौंड कापले जातील. उत्पन्न प्रत्येकाचं वेगळं मोजतात, नवराबायकोचं एकत्र नाही. आमच्याकडे माझे कापले जाणार, हिचे राहणार. ती खुशीत आहे.

एका हातानं देऊन दुसऱ्या हातानं घेण्यात सरकारचा काय फायदा, हे मला उमगलेलं नाही. पण मागच्या वर्षी पात्र असून फॉर्म न भरलेल्या माणसांचे हाल पाहता हे बरं.

क्लाइडकाठचा
ग्लासगोहून. स्कॉटलंडमध्ये विंटर फ्युएलचं नावच वेगळं: पेन्शन एज विंटर हीटिंग पेमेंट. 2025-26 मध्ये घरटी 203.40, ऐंशीनंतर 305.10 पौंड. इथे थंडी इंग्लंडपेक्षा जास्त आणि रक्कम साडेतीन-पाच पौंडांनी जास्त, हिशोब तुम्हीच करा. लंडनच्या भाचीनं पाठवलेल्या लिंकवर अर्ज शोधत बसू नका.

हाउन्सलोची_लेक
आईला स्टेट पेन्शन नाही, कारण तिनं इथे कधी नोकरी केली नाही. अशांना विंटर फ्युएलचं पत्र आपोआप येतंच असं नाही, अर्ज करावा लागतो, फोनवर किंवा पोस्टानं. 2025-26 च्या हिवाळ्यासाठी मुदत 31 मार्च 2026. नॅशनल इन्शुरन्स नंबर, बँकेचा तपशील आणि लग्नाची तारीख हाताशी ठेवा. आईला तारीख विचारली तर म्हणते, "वैशाखात झालं, आंबे होते." शेवटी पुण्याच्या मामानं पत्रिका शोधून तिचा फोटो पाठवला.

नवी_स्पॉन्सर
माझे आईबाबा डिपेंडंट म्हणून आलेत. त्यांचा खर्च मी करेन, अशी पाच वर्षांची हमी मी सही करून दिलीय. तोवर पेन्शन क्रेडिट नाही. बाकी कुठल्याही मदतीचा अर्ज करण्याआधी व्हिसाचे कागद घेऊन सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसमध्ये (मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेत) जाऊन या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या सल्ल्यावर जाऊ नका. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना काहीच नाही.

बर्मिंगहॅमची_काकू
वॉर्म होम डिस्काउंटचं कुणीच लिहिलं नाही! विजेच्या बिलात 150 पौंडांची सूट, पण बिलावर तुमचं किंवा जोडीदाराचं नाव हवं. आमच्या शेजारच्या आजींचं बिल आजोबांच्या नावावरच चालू होतं, आजोबा जाऊन कितीतरी वर्षं झाली. कंपनी दर वेळी मृत्यूचा दाखला मागायची, आजी दर वेळी पाठवायच्या. तर आधी नाव बदलून घ्या.

केंटकर
+१, आपोआप आले. बँक स्टेटमेंटमध्ये 'डीडब्ल्यूपी डब्ल्यूएफपी' (पेन्शन खातं आणि विंटर फ्युएल पेमेंट यांची आद्याक्षरं) असं दिसतं. आणि "विंटर फ्युएलसाठी इथे क्लिक करा" असा एसएमएस आला तर तो चोरच समजा. बाबांना आला होता, खाली सरकारी मुकुटाचं चित्रसुद्धा होतं.

पुण्याला_निघालेला
एक शंका. आईला पेन्शन क्रेडिट चालू आहे. जानेवारीत भाच्याचं लग्न, तिला तीन महिने घेऊन जायचंय. चालेल ना?

लेस्टरची_सून
अहो, नाही! परदेशात चार आठवड्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर पेन्शन क्रेडिट थांबतं. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू किंवा वैद्यकीय उपचार असेल तर सवलत आहे, लग्नाला नाही. जायच्या आधी कळवा. कायमचंच परत जायचा विचार असेल तर आणखी एक: भारतात राहणाऱ्यांचं ब्रिटिश स्टेट पेन्शन दरवर्षी वाढत नाही, गेलात तेव्हाच्या रकमेवर गोठतं.

पुण्याला_निघालेला
धन्यवाद, वहिनी. चार आठवड्यांत केळवणं, लग्न, देवदर्शन आणि दातांचा डॉक्टर! आईला अष्टविनायक गाळायला कोण सांगणार?