बेळगाव-खानापूर भागात कृत्रिम पायाचं घट्ट-सैल करता येणारं सॉकेट कुठे मिळेल?

मंडळी, मदत हवी आहे. काकांचा पाय गुडघ्याखाली कापलाय, जयपूर फूट वापरतात. सकाळी सॉकेट (उरलेला पाय ज्यात घालतात तो वरचा साचा) नीट बसतं, पण दुपारपर्यंत उरलेला पाय आक्रसतो आणि आत खुळखुळतो. मग पोकळी भरायला मोज्यावर मोजे! आमच्या खानापूरच्या पावसात ते वाळत नाहीत, कातडी सोलते. डायल फिरवून किंवा पट्ट्या ओढून घट्ट-सैल करायची सॉकेटं असतात. बेळगाव, कोल्हापूर किंवा हुबळीत ती कोण बसवून देतं? काकांचं सॉकेट आणि खालची नळी एकाच एचडीपीई (कडक प्लास्टिक) पाइपाची आहे. म्हणजे सगळा पायच बदलावा लागेल का? भाताच्या चिखलात डायल टिकते का, हे वापरणाऱ्यांनीच सांगा, विकणाऱ्यांनी नको. काकांचं मत पट्ट्यांना, तुटली तर बाजारात शिवून मिळेल म्हणतात.