बिबडे आणि केळीच्या वेफर्ससाठी सोशल मीडियाच्या पोस्ट कशा कराव्यात? सल्ला हवा

फैजपूरची लेक

नमस्कार मंडळी. फैजपूरजवळच्या एका गावातून लिहितेय. आई, मोठी काकू आणि गल्लीतल्या सहा जणी मिळून आमचा बचत गट आहे. उन्हाळ्यात बिबडे (ज्वारीचे पापड), नागलीचे म्हणजे नाचणीचे पापड आणि कुरडया करतो. केळीचे वेफर्स मात्र बारा महिने. माल चांगला आहे हे मी लेक म्हणून नाही सांगत. पुण्या-मुंबईला गेलेले आमचे लोक दर सुट्टीत पिशव्या भरून नेतात.

यंदा व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस आणि इन्स्टाग्राम सुरू केलं. पोस्ट करायचं काम माझ्याकडे, कारण मोबाईल मलाच जमतो. आमच्याकडे आधी छापलेलं पॅम्प्लेट होतं, त्याचीच पोस्ट करून टाकली. वर गणपती, मग गटाचं नाव, खाली नऊ पदार्थांची यादी, दोन मोबाईल नंबर, पत्ता, 'घरगुती चव', 'शुद्ध व सात्त्विक', कोपऱ्यात वेफर्सचा फोटो. छापील कागदावर ते बरं दिसायचं. मोबाईलवर कोणी थांबूनही बघत नाही. माझ्या मामेबहिणीनेच विचारलं, "ताई, ते नेमकं काय होतं गं?"

जळगावात एका डिझायनरला विचारलं, त्याने महिन्याचे चार हजार सांगितले. त्याच्या कामाचे ते पैसे योग्यच असतील, पण आम्हाला आत्ता परवडत नाहीत. म्हणून शिकायचं ठरवलंय. मोबाईलवर पिक्सेललॅब आणि फुकटातलं कॅनव्हा ही पोस्ट बनवायची अ‍ॅप आहेत. अडचणी तीन. मराठी अक्षरं कुठे तुटतात, कुठे एकमेकांवर चढतात. फोटो पिवळट येतात. आणि रंग कोणते घ्यावेत ते कळत नाही. जाणत्यांनी सांगा.

---

अक्षरवेडा

ताई, अक्षरांपासून सुरू करतो, कारण माझं अर्धं आयुष्य त्यातच गेलंय.

पॅम्प्लेटवरचा मजकूर तुम्ही छापखान्याच्या फाईलमधून उचलला असेल तर तो बहुधा श्रीलिपी किंवा तशाच जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये असणार. ते फाँट युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखी वाचली जाणारी अक्षरपद्धत, पाळत नाहीत. दुसरीकडे चिकटवले की चिन्हांचा खच पडतो. तो मजकूर दुरुस्त करत बसू नका, मोबाईलच्या मराठी कीबोर्डवरून सरळ नव्याने टाईप करा. नऊ ओळींचं काम आहे.

फाँट गूगल फाँट्सवरून घ्या, फुकट आहेत आणि धंद्यासाठी वापरायला परवानगीही आहे. बारीक मजकुराला मुक्ता किंवा हिंद. मोठ्या शब्दाला बलू, गुबगुबीत आहे, खाण्याच्या पदार्थांना शोभतो. हाताने लिहिल्यासारखं हवं असेल तर कलम. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडवलेला यात्रा वन नावाचाही एक आहे, मला फार आवडतो, पण तो एखाद्या शब्दापुरताच बरा. एका पोस्टमध्ये दोनपेक्षा जास्त फाँट नकोत. पिक्सेललॅबमध्ये बाहेरून फाँट घालता येतो. कॅनव्हात स्वतःचा फाँट चढवायला पैसे पडतात, म्हणून तिथे जे आहेत त्यांतूनच निवडा.

आता अक्षरं का तुटतात. इंग्रजी शिकवणीचे व्हिडिओ सांगतात की अक्षरांमधलं अंतर वाढवा, शीर्षक भारदस्त दिसतं. देवनागरीत असं कधी करू नका. आपली अक्षरं शिरोरेषेने जोडलेली असतात. अंतर वाढवलं की रेषेचे तुकडे होतात आणि डोळा शब्द ओळखत नाही, अक्षरं मोजत बसतो. ते अंतर शून्यावरच ठेवा.

ओळी एकमेकींवर चढतात त्याचं कारण वेगळं. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. इंग्रजीसाठी बेतलेल्या नमुन्यात ओळींमधली जागा त्या मानाने कमी असते. वरच्या ओळीतल्या 'कुरडया'चा उकार खालच्या ओळीतल्या 'केळी'च्या मात्रेला जाऊन लागतो. ओळींमधली जागा डोळ्याला मोकळी वाटेपर्यंत वाढवा.

फाँट पक्का करण्याआधी एक ओळ टाईप करून बघा: 'जळगावच्या गोऱ्या केळीचे कुर्रेबाज वेफर्स'. 'ऱ्या' नीट जुळतो का, 'र्रे'चा रफार जागेवर आहे का, 'ळ' बसका तर नाही ना, ते एका नजरेत कळेल. ल आणि श हिंदी वळणाचे आहेत की आपले, पाकळीचा ल आणि देठाचा श, तेही बघा. ग्राहक बोलून दाखवत नाही, पण परकं वळण त्याला जाणवतं.

---

तापीकाठ

वरचं सगळं मान्य. पण फाँटच्या आधी फोटो. बिबड्यांचा फोटो चांगला असेल तर त्यावर एक शब्द लिहिला तरी पुरतो.

पिवळट येतात म्हणजे रात्री स्वयंपाकघरातल्या बल्बखाली काढता. ते बंद. सकाळी सात-आठच्या दरम्यान काढा, नाहीतर दाराशी, खिडकीशी, जिथे उजेड आहे पण थेट ऊन नाही. आपल्याकडचं चैत्र-वैशाखातलं दुपारचं ऊन फोटोचा जीव घेतं. पांढरा भाग जळून जातो आणि सावल्या काळ्याठिक्कर पडतात. उजेड एका बाजूने येऊ द्या, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा. सावली निवते आणि वेफरच्या कडांची वळणं दिसायला लागतात. मागून दिव्याचा उजेड नको, फ्लॅश तर नकोच.

ताटाखाली काय ठेवायचं? फुलाफुलांचं प्लास्टिक काढून टाका. जुनं धोतर, गोणपाट, पितळी परात, लाकडी पाट, यातलं काहीही. घरात आहेच.

आणि बिबडे घातलेले असतात ते धाबं, घराचं मातीचं सपाट छप्पर! ताई, तुम्ही कोपऱ्यातल्या वेफर्सच्या फोटोसाठी झटताय आणि तुमच्या डोक्यावर ते धाबं आहे. पांढऱ्या लुगड्यावर ओळीने ओले बिबडे, कडेला काकूंचा पिठाने माखलेला हात. शिडीवर चढून वरून सरळ खाली मोबाईल धरा आणि काढा. हा फोटो मुंबईच्या कुठल्याही मोठ्या कंपनीला मिळणार नाही. ज्याच्या आजीने बिबडे घातलेत तो माणूस स्क्रोल करता करता तिथे थांबेल, अंगठा वर सरकणार नाही. मी गावाबाहेर राहतो, स्वतःवरून सांगतोय.

काकूंना विचारून मगच त्यांचा चेहरा टाका. हात पुरतो.

---

पांझराकाठ

धुळ्याहून. फोटोवर अहिराणीत लिहा ताई! 'मायना हातना बिबडा. एकदाव खाई देखा.' आमच्या साक्री-शिरपूरकडचे लोक लगेच पुढे पाठवतील.

---

तापीकाठ

भाऊ, अहिराणी गोड आहे, पण ताई फैजपूरच्या आहेत. यावल-रावेरकडे लेवा बोली चालते. उसनी अहिराणी लिहिली तर दोन्हीकडचे लोक ओळखतील. ताई, तुमची आजी केळीला काय म्हणते तेच लिहा.

---

फैजपूरची लेक

आजी 'केयी' म्हणते. आमच्याकडे ळ चा य होतो, जळगावचं 'जयगाव'. पण असं पोस्टवर लिहिलं तर पुण्याच्या लोकांना चूक वाटेल ना? शाळेत याच बोलण्यावरून मला खूप टोकलंय. लिहायला हात धजत नाही.

---

पांझराकाठ

तापीकाठ, तुमचं बरोबर आहे, मी घाईत सुचवलं. आणि ताई, लिहाच. मोठ्या अक्षरात 'केयीचे वेफर', खाली बारीक प्रमाण मराठीत 'कच्च्या केळीचे, घरच्या कढईतले'. खालची ओळ असली की कोणी चूक समजत नाही. बोली आहे हे कळतं.

---

रंगपेटी

नाशिकला जाहिरातीचं काम करते, माहेर भुसावळ. मोजमापं आणि रंग माझ्याकडून घ्या.

इन्स्टाग्रामच्या पोस्टसाठी १०८० × १३५० पिक्सेल. चौकोनापेक्षा उभी पोस्ट स्क्रीनवर जास्त जागा घेते. २०२५ च्या जानेवारीपासून प्रोफाईलवरचे छोटे चौकोन ३:४ मापाचे उभे झाले आहेत, त्यामुळे तिथे या पोस्टच्या डाव्या-उजव्या कडा साधारण ३४-३४ पिक्सेल कापल्या जातात. शब्द कडेला चिकटवू नका. स्टोरी आणि स्टेटससाठी १०८० × १९२०. त्यात वरचे २५० आणि खालचे ३४० पिक्सेल मोकळे ठेवा. तिथे नाव, बटणं आणि उत्तराची चौकट येते, तुमचा मोबाईल नंबर त्याखाली झाकला जाईल.

रंग. केळी म्हणून पिवळा घ्यावासा वाटेल. घ्या, पण पिवळ्यावर पांढरी अक्षरं लिहू नका. वाचनीयतेच्या जागतिक निकषांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला उजेडाचा फरक साध्या मजकुराला किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांना ३:१ असावा असं धरतात. शुद्ध पिवळ्यावर पांढऱ्याचं हेच प्रमाण जेमतेम १.०७:१ भरतं. काळ्याचं १९.५ च्या पुढे जातं. एस.टी. स्टँडवर भर उन्हात मोबाईल बघणाऱ्या माणसाला हा फरक लगेच कळतो. माझा तुम्हाला सल्ला: केळीच्या सालीचा पिवळा, पानाचा गडद हिरवा आणि ज्वारीचा पांढुरका, हे तीनच रंग. सहा महिने तेच ठेवा. लोक नाव वाचण्याआधी रंगावरून ओळखायला लागतात, आणि ती ओळख विकत मिळत नाही.

मजकुराबद्दल मी कडक आहे. एका पोस्टमध्ये एकच गोष्ट. आज बिबडे तर फक्त बिबडे. 'शुद्ध व सात्त्विक' काढून टाका, सगळेच लिहितात, त्यामुळे कोणी वाचत नाही. त्याऐवजी जे खरं आहे आणि डोळ्यासमोर येतं ते लिहा: 'लसूण, तीळ, जिरं. धाब्यावर वाळवलेले.' नऊ पदार्थ दाखवायचेच असतील तर एकामागून एक सरकणाऱ्या चित्रांची पोस्ट करा. इन्स्टाग्राम आता एका पोस्टमध्ये २० चित्रं घेतं, तुम्हाला नऊ पुरतात.

तयार झालं की पोस्ट मोबाईलवर बोटाच्या पेराएवढी लहान करून बघा. तेवढ्यातही पदार्थ कोणता ते कळलं तर पाठवा.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गटातल्या बायकांना चित्र पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या फोटोसारखं पाठवलं की ते आक्रसतं, मग त्यांनी ते स्टेटसला लावलं की पुन्हा आक्रसतं, आणि अक्षरांच्या कडा फुटतात. अक्षरं जास्त असतील तर फाईल पीएनजी प्रकारात साठवा, नुसता फोटो असेल तर जेपीजी.

---

केळीबाग

एआयकडून चित्र का करून घेत नाही? दोन मिनिटांत होतं.

---

रंगपेटी

मी ऑफिसात वापरते, म्हणून सांगते. पार्श्वभूमीचा पोत किंवा एखादी नक्षी काढायला ठीक. पण चित्रातच मराठी शब्द उमटवायला सांगितलं की मात्रा आणि जोडाक्षरं चुकू शकतात, त्यामुळे शब्द नेहमी आपण वरून टाकायचे. आणि पदार्थाचं चित्र एआयचं कधीही नको. पाकिटातून निघतं ते आणि पोस्टवर दिसतं ते एकच असलं पाहिजे. बिबडा वेडावाकडाच असतो, हाताने घातलेला असतो तो. यंत्राने काढलेला गोल गुळगुळीत बिबडा बघून मागवणारा माणूस पहिल्याच पाकिटाला फसवल्यासारखा होतो.

---

केळीबाग

पटलं. मग माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. 'जळगाव केळी'ला २०१६ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाच्या मालाची सरकारी ओळख, मिळालंय. त्याचं बोधचिन्ह नेटवर सापडतं म्हणून पोस्टवर लावू नका. ते वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, आणि ते मानांकन केळीचं आहे, वेफर्सचं नाही. 'जळगाव जिल्ह्यातल्या केळीपासून' असं लिहायला कोणाची हरकत नाही. अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर मात्र जरूर लिहा, बारीक चालेल. बाहेरगावचा माणूस तो बघून पैसे पाठवतो.

---

अक्षरवेडा

सणांचं एक राहिलं. दिवाळीच्या शुभेच्छांची पोस्ट सगळं जग करतं, त्यात तुमची हरवेल. आखाजी (अक्षय तृतीया), पोळा, कानबाई देवीचे रोट, हे आपले. त्या दिवशी जाहिरात करू नका. नुसता सणाचा फोटो, खाली गटाचं नाव. माहेरची आठवण काढणाऱ्या बाया ती पोस्ट जपून ठेवतात.

---

फैजपूरची लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा, बिबड्यांचाच हंगाम होता.

धाब्यावरचा फोटो काढला. तापीकाठ दादा, तुम्ही म्हणालात तसाच, शिडीवरून. काकूने आधी हात धुऊन घेतला, तिला म्हटलं, पिठाचाच हवा, तर ती हसायला लागली. एक फोटो हसण्यात हलला, दुसरा नीट आला. वर फक्त 'बिबडे', बलू फाँटमध्ये, गडद हिरव्यात. खाली मुक्तामध्ये 'लसूण, तीळ, जिरं. धाब्यावर वाळवलेले.' आणि नंबर एकच ठेवला. दुसरा नंबर काढताना गटात वाद झाला, कारण तो अध्यक्षबाईंचा होता. शेवटी त्याच म्हणाल्या, माझा काढ, तू उचलतेस फोन.

ठाण्याहून, पुण्याहून आणि सुरतेहून ऑर्डर आल्या. सुरतेच्या बाईंनी फोनवर आधी पाच मिनिटं त्यांच्या आजीच्या धाब्याबद्दलच सांगितलं, मग दोन किलो मागवले. आमचे यंदाचे बिबडे संपलेत.

'केयीचे वेफर' पण टाकलं. पोस्ट करायच्या आधी आजीला दाखवलं. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं. म्हणाली, "बरोबर लिव्हलं." एका माणसाने खाली 'केळी असं लिहा' अशी कमेंट केली होती, त्याला मी उत्तर देण्याआधीच सावद्याच्या आणि रावेरच्या चार जणांनी देऊन टाकलं.

रंगपेटी ताई, एक अजून विचारते. हिरव्या पार्श्वभूमीवर नागलीचे पापड काळपट दिसतात, उठून येत नाहीत. पांढुरका रंग मागे घेऊ की पितळी परात पुरेल? आखाजीच्या पोस्टसाठी शेजारच्या कडुलिंबाला झोका बांधलाय, उद्या सकाळी सातला फोटो काढते.

---

रंगपेटी

पांढुरकाच घ्या. नागली गडद असते, तिला मागे उजळ रंग लागतो. परात ठेवलीत तर पापड परातीत पसरू नका, कडेला टेकवून उभे करा, म्हणजे मागून उजेड येईल आणि त्यांचा पातळपणा दिसेल. झोक्याचा फोटो इथेही टाका.