लंडनचं ऑल्डविच स्टेशन: पाटी 'स्ट्रँड'ची कशी?

प्रश्न: ऑल्डविच भुयारी स्टेशनच्या लाल इमारतीवर आजही 'स्ट्रँड स्टेशन' असं लिहिलेलं दिसतं. मग खरं नाव कोणतं? आणि भर वस्तीतलं स्टेशन बंद का पडलं?

प्रतिसाद १: नावं दोन्ही खरी, काळ वेगळे. ३० नोव्हेंबर १९०७ ला ते उघडलं तेव्हा नाव 'स्ट्रँड' होतं. ९ मे १९१५ ला ते 'ऑल्डविच' झालं आणि 'स्ट्रँड' हे नाव जवळच्याच चेरिंग क्रॉसच्या एका स्टेशनाला दिलं गेलं. त्यामुळे जुन्या नकाशावर 'स्ट्रँड' दिसलं की आधी नकाशाचं साल बघा, नाहीतर हमखास गल्लत होते. इमारत वास्तुकार लेस्ली ग्रीनची. गडद लाल चकचकीत टाइल्स ही त्याची खूणच.

प्रतिसाद २: बंद पडण्याचं मूळ आखणीतच आहे. दोन वेगळ्या कंपन्यांच्या योजना जोडून पिकॅडिली लाइन हा भुयारी रेल्वेमार्ग झाला, हे स्टेशन त्याच्यावरचं. मुख्य मार्ग हॉबर्न स्टेशनवरून पश्चिमेला वळला आणि स्ट्रँडकडे जाणारा तुकडा शेपटासारखा लोंबत राहिला. हॉबर्न ते ऑल्डविच, मध्ये एकही स्टेशन नाही. एवढ्यासाठी गाडी बदलण्यापेक्षा लोक चालत जात. १९१४ मध्येच एक फलाट बंद झाला, १९६२ पासून गाड्या फक्त गर्दीच्या वेळी. हा तुकडा थेम्सपलीकडच्या वॉटर्लू स्टेशनपर्यंत वाढवायची योजना होती, तसं झालं असतं तर गोष्ट वेगळी असती. शेवटी १९०७ च्या लिफ्ट बदलायचा खर्च सुमारे ३० लाख पौंड आणि रोजचे प्रवासी साधारण ४५०. ३० सप्टेंबर १९९४ ला कुलूप लागलं.

प्रतिसाद ३: वरच्यात एक भर. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४० पासून जुलै १९४६ पर्यंत इथली गाडी बंदच होती. बॉम्बहल्ल्यात लोक इथे आसऱ्याला येत, आणि बोगद्यात ब्रिटिश म्युझियममधली ग्रीसच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पं ठेवली होती. त्याआधी पहिल्या महायुद्धात त्याच बंद फलाटावर नॅशनल गॅलरीची चित्रं होती! प्रवासी नसले की जागा अशी कामी येते.

प्रश्नकर्ता: आत जाता येतं का?

प्रतिसाद ३: एरवी नाही. लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियम अधूनमधून तिकीट लावून फेऱ्या काढतं. खाली उतरायला जिनाच आहे, लिफ्ट चालत नाही, तेव्हा गुडघे दुखत असतील तर विचार करा. रूळ अजून आहेत आणि चित्रीकरणासाठी एक जुनी गाडीही उभी असते.