हॅमस्ट्रिंग आखडली की फिजिओकडून मोकळी करून घ्यायची की नाही?

४०० मीटरवाला, कोपरी: दोन महिने झाले, दादोजी कोंडदेव स्टेडियमला प्रॅक्टिस झाली की डाव्या मांडीची मागची बाजू आखडते. दर शनिवारी फिजिओकडे मसाज नि स्ट्रेचिंग करून घेतो, बाहेर पडताना पाय एकदम हलका, बोटं जमिनीला टेकतात, आणि सोमवारी परत तेच. माझं मत झालंय की हे पैसे पाण्यात.

फिजिओ, वाशी: पाण्यात नाही हो. एका सेशनमध्ये स्नायू लांब होत नाही हे खरं, ताण सहन करायची तयारी तेवढ्यापुरती वाढते म्हणून पाय जास्त वर जातो. त्याच मोकळिकीत ताकदीचे व्यायाम करायचे असतात, तुम्ही टेबलावरून उठून थेट घरी जाता ना? आणि स्लम्प टेस्ट कोणी केली का? पाठ वाकवून, हनुवटी छातीला लावून बसायचं, पाऊल वर ओढून गुडघा सरळ करायचा. मान वर केल्यावर मागचा ताण कमी झाला तर सायटिक नर्व्हकडे, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या नसेकडे, बघायला लागतं, नुसता स्नायू चोळून भागत नाही.

कबड्डी कोच, कळवा: ताई, मला चोळणं पटतच नाही. पोरांना नॉर्डिक लावा, घोटे कोणीतरी धरायचे नि गुडघ्यावरून सावकाश पुढे जायचं. डेन्मार्कच्या फुटबॉलवाल्यांवर २०११ साली अभ्यास आला, नॉर्डिक केलेल्या ४६१ जणांत १५ दुखापती, न केलेल्या ४८१ जणांत ५२. मसाजचा असा आकडा दाखवा.

फिजिओ, वाशी: सर, तो आकडा दुखापत टाळण्याचा आहे, हा मुलगा आखडण्याबद्दल विचारतोय. नॉर्डिक मीही देते, पण पहिल्या आठवड्यात मांडी एवढी भरून येते की दुखरा पाय असलेली मुलं घाबरून सोडून देतात, त्यांना आधी हाताने आराम दिला तर व्यायामाला टिकतात, हे मी रोज बघते.

कबड्डी कोच, कळवा: टिकतात की सवय लागते? दर शनिवारी टेबलावर झोपणारा पोरगा आपल्या पायावर विश्वास ठेवायला कधी शिकणार? आणि बाळा, रविवारी काय करतोस?

४०० मीटरवाला, कोपरी: रविवारी येऊरचा चढ, आठ स्प्रिंट, कारण पाय मोकळा असतो ना. स्लम्प आत्ता भावाला धरून केली, मान वर केली तरी ताण तेवढाच राहिला.

फिजिओ, वाशी: मग नर्व्हची शक्यता कमी, तरी प्रत्यक्ष तपासून घ्या. आणि हा रविवारचा चढ आधी थांबवा!