विषय: डिसेंबरची नाशिकची भेट – परतीच्या गाडीचं आधी ठरवूया

प्रेषक: ताई, मेलबर्न (माहेर कॉलेज रोड)

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात नाशिकला असणाऱ्या आपल्या मेलबर्नच्या मंडळाच्या सभासदांची भेट गंगापूर धरणाजवळच्या वायनरीत ठरतेय, याचा आनंद आहे. जागा, जेवण, मुलांना द्राक्षबाग दाखवणं, सगळ्यावर बोलून झालं. परत यायचं कसं, तेवढं कुणी विचारलं नाही. आमंत्रणात नुसतं ‘आपापल्या गाडीने’ लिहिलंय. मला ते मान्य नाही.

मेलबर्नला आपल्यातलं कुणी पिऊन स्टिअरिंगला हात लावत नाही. व्हिक्टोरियात १९७६ पासून पोलीस कसलाही संशय नसताना वाटेतल्या गाड्या थांबवून दारू तपासायच्या यंत्रात फुंकायला लावतात. आज आपली पाळी येऊ शकते हे डोक्यात पक्कं असतं, म्हणून आज गाडी कोण चालवणार हे घरातून निघतानाच ठरतं. तीच माणसं नाशिकला आली की भावाची गाडी काढतात आणि म्हणतात, ‘दोन ग्लासांनी काय होतंय, रस्ता पाठ आहे.’

रस्ता पाठ असेलही. पण अंधार पडल्यावर गंगापूर-सावरगावच्या बाजूला मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर असतो, मोटारसायकलवर तिघं असतात, बागेतलं काम आटोपून कडेकडेने चालत निघालेल्या बायका असतात. आपल्या पार्टीशी त्यांचा काहीएक संबंध नाही. मंडळाने जाण्यायेण्याची बस करावी, असं मी सुचवते.

प्रेषक: अण्णा, मेलबर्न

ताई, तळमळ पोचली. पण सगळी जाणती माणसं आहेत, त्यांना बसमध्ये कोंबायचं का? इथे आपण तासाला एक ड्रिंक हा हिशेब पाळतो, तोच तिथे पाळू. शिवाय काही जण तिथूनच मुंबईला विमान गाठणार आहेत, त्यांना बसचा काय उपयोग? आणि मंडळाच्या मेलवर दारूची चर्चा रंगलेली मला बरी वाटत नाही.

प्रेषक: वहिनी, इंदिरानगर, नाशिक

अण्णा, नमस्कार. चर्चा मलाही आवडीची नाही, पण मी इथे रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे गप्प राहवत नाही.

तुमचा तिकडचा हिशेब इथे लागू पडत नाही. तिथे साध्या लायसनवाल्याला १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये ती ३० आहे. तिकडचं एक ‘स्टँडर्ड ड्रिंक’ म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल. वाइनच्या १५० मिलीच्या ग्लासात ते १४ ग्रॅमच्या आसपास भरतं आणि ६० मिलीच्या मोठ्या पेगमध्ये २० च्या घरात. म्हणजे तुम्ही ज्याला एक म्हणता ते इथे दोन असू शकतं. रक्तातलं प्रमाण तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरतं. काळी कॉफी, लिंबूपाणी, तोंडावर गार पाणी यांनी तो वेग वाढत नाही. माणूस तरतरीत दिसतो, रक्तातलं अल्कोहोल तेवढंच असतं. रात्री उशिरापर्यंत बसलेला माणूस सकाळी नाश्ता करून निघाला तरी मर्यादेच्या वर असू शकतो.

दंडाचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर १५,००० रुपये दंड किंवा २ वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पिऊन चालवलेल्या गाडीच्या नुकसानीचा विमाही मिळत नाही.

पण माझी भीती दंडाची नाही. झोकांड्या जायच्या कितीतरी आधी अंतराचा आणि वेगाचा अंदाज चुकायला लागतो, आणि नेमका त्याच वेळी आत्मविश्वास वाढलेला असतो. मी गाडी चालवण्याजोगा आहे का, हे ज्या मेंदूने ठरवायचं त्याच्यावरच आधी परिणाम झालेला असतो. म्हणून ‘तुला जमेल ना रे?’ हा प्रश्न पार्टी संपताना विचारून काही उपयोग नाही. रात्री अपघाताची केस येते तेव्हा टेबलावर पुष्कळदा दुचाकीवरचा पोरगा असतो, ज्याने थेंबही घेतलेला नसतो. बाहेर त्याची आई विचारत असते, समोरची गाडी कोण चालवत होतं.

आमच्या सोसायटीत थर्टीफर्स्टला गच्चीवर कार्यक्रम असतो. गाडी घेऊन आलेला पाहुणा वर येण्याआधी किल्ली वॉचमनकडे देतो. पिणार असेल तर किल्ली सकाळी, आणि तो रात्री कुणाच्या तरी घरी झोपतो. सुरुवातीला चार जण रुसले. आता नवा पाहुणा आला की तेच त्याला किल्ली द्यायला सांगतात. यजमानाने हे पहिला ग्लास भरण्याआधी बोलायचं असतं, नंतर बोललं की भांडण होतं.

मुंबईला जाणाऱ्यांनी बदली ड्रायव्हर घ्यावा, आम्ही ओळखीचे दोघंतिघं बघून ठेवतो. नाहीतर रात्री आमच्याकडे राहावं. कसारा घाट दुसऱ्या दिवशी उजेडात, झोप झालेल्या आणि आदल्या रात्री न प्यायलेल्या माणसाने उतरावा.

प्रेषक: अण्णा, मेलबर्न

वहिनी, मोठ्या पेगचं गणित मला ठाऊक नव्हतं. बसच्या खर्चातला माझा वाटा धरा. आमंत्रणातलं ‘आपापल्या गाडीने’ काढून टाकतो.

प्रेषक: ताई, मेलबर्न

धन्यवाद अण्णा. बस गोल्फ क्लब मैदानापासून निघेल, कॉलेज रोडला थांबेल आणि तशीच परत येईल. स्वतःची गाडी आणणाऱ्यांनी ती चालवणाऱ्याचं नाव आधी कळवावं. त्या व्यक्तीच्या जेवणाचा खर्च मंडळाकडे, आणि तिला कुणीही ‘एक घोट तरी घे’ असा आग्रह करायचा नाही. वहिनी, मुक्कामाला किती जणांची सोय होईल तेवढं कळवा.