दहा दिवसांचा हिशेब इथे का चुकतो
चवकलिका (जिभेवरचे चवपेशींचे पुंजके) दर दहा दिवसांनी नव्या होतात, मग डोक्या-मानेच्या कर्करोगावरच्या रेडिएशननंतर चव पंधरवड्यात का परतत नाही, या प्रश्नातच गफलत आहे. दहा दिवस ही उंदरांतली सरासरी. आंबट ओळखणाऱ्या पेशी त्याहून बऱ्याच जास्त टिकतात. शिवाय चवपेशी स्वतः विभाजित होत नाहीत. भरती होते ती तळथरातल्या केराटिन-१४ हे प्रथिन असलेल्या, नव्या पेशी पुरवणाऱ्या पूर्वज पेशींकडून, आणि रेडिएशन नेमकं त्यांचंच विभाजन थांबवतं. म्हणून चव लगेच नाही, जुन्या पेशी मरतील तशी जाते.

चव जाण्याचा दुसरा मार्ग हेजहॉग संकेताचा, म्हणजे पूर्वज पेशींना चवपेशी बनायला सांगणाऱ्या रासायनिक निरोपाचा. बेसल सेल या त्वचेच्या कर्करोगावरचं व्हिस्मोडेगिब हे औषध तो अडवतं. मग पूर्वज पेशी शाबूत असूनही त्यांच्या चवपेशी बनत नाहीत. औषध थांबवल्यावर चव बहुधा परतते, पण काही महिने घेते.