मदत हवी आहे: व्हिडिओ गेमची संहिता पुरस्कारासाठी कागदावर कशी मांडावी?

नमस्कार मंडळी,

खानापूरहून लिहिते आहे. आम्हा तिघांचा एक छोटा गेम पुरा होत आलाय. कथा-संवाद माझे, चित्रं वडगावच्या मैत्रिणीची, प्रोग्रॅमिंग हुबळीच्या मित्राचं. लेखनाच्या एखाद्या पुरस्काराला तो पाठवायचाच, असं ठरवलंय. नियम वाचलेत, पण एका जागी गाडी अडलीय.

गेम घडतो कणकुंबी-जांबोटीकडे, मलप्रभेच्या उगमाच्या मुलखात, १९८० च्या आसपास. खेळणारा पोस्टमन असतो. पिशवीत पत्रं आणि मनीऑर्डरी. ओढ्याला पाणी चढायच्या आत आधी कुठली वाडी गाठायची ते त्यानं ठरवायचं. इकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको.

एक प्रसंग देते. आज्जीच्या मुलाचं गोव्याहून पत्र आलंय. खाणीवरचं काम सुटलं, गणपतीला येत नाही, असं त्यात आहे.

आज्जी: वाच की रे पोरा, मला दिसंना झालंय.
* जसं लिहिलंय तसं वाचायचं
* वाईट बातमी गाळून वाचायचं

जसंच्या तसं वाचलं तर ती तिथंच पोस्टमनकडून उत्तर लिहून घेते. गाळून वाचलं तर गेममध्ये लगेच काहीच होत नाही. पुढं बऱ्याच वेळानं, चवथीच्या आदल्या दिवशी, ती जांबोटीच्या स्टँडवर बसलेली दिसते आणि विचारते, "गाडी चुकली असंल न्हवं त्याची?" माझ्या मते सगळ्या लेखनात हीच जागा सगळ्यात चांगली उतरलीय. पण कागदावर हे दोन तुकडे एकमेकांपासून फार लांब पडतात. आम्ही इंक वापरतो (गेमची संहिता लिहायची, २०१६ मध्ये मुक्तस्रोत केलेली प्रणाली, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिता येतं). ती फाइल तशीच छापली तर अटी, बाण आणि तारे यांतच वाचणारा हरवेल.

आता पुरस्कारांचं. अमेरिकेतल्या रायटर्स गिल्डनं, म्हणजे चित्रपट-मालिका लेखकांच्या संघटनेनं, गेमलेखनाचा पुरस्कार २००८ मध्ये पहिल्यांदा दिला. तिथं गेम आधी प्रकाशित झालेला लागायचा आणि श्रेयनामावलीत लेखनाचं श्रेय वेगळं असावं लागायचं, पण तो पुरस्कार आता दिला जात नाही. नेब्युला या अमेरिकेतल्या विज्ञानकथालेखकांच्या संस्थेच्या पुरस्कारातही गेमलेखनाचा विभाग आहे, पण तो विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठी. शिवाय नामांकन संस्थेचे सदस्य करतात. आमच्या गोष्टीत भूतखेत काही नाही, तेव्हा तो बाद. इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये कथनासाठी वेगळा पुरस्कार आहे. तिथं शुल्क भरून खेळता येणारा गेमच द्यायचा. राहिली १९९५ पासून चालणारी इंटरॅक्टिव्ह फिक्शनची (वाचणाऱ्याच्या निवडीनं पुढं सरकणाऱ्या गोष्टींची) स्पर्धा, म्हणजे आयएफकॉम्प. आमच्या गेममध्ये मजकूरच जास्त, त्यामुळे ती जवळची वाटते.

इंग्रजी आवृत्ती तयार आहे, तो प्रश्न नाही. प्रश्न एवढाच: जिथं संहिता वाचायला द्यावी लागते, तिथं कुठला भाग द्यावा, आणि फाटे कसे दाखवावेत? गेमची संहिता कथेसारखी सरळ वाचली गेली तर खेळणाऱ्यानं केलेली निवड दिसतच नाही, आणि आमचं सगळं लेखन त्या निवडीवर उभं आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, प्रसंग छान आहे. मी पुण्यात एका स्टुडिओत कथनाचं काम करतो, त्यावरून सांगतो.

सगळे फाटे देऊ नका. सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकच वाट सलग द्या, एका माणसानं एकदा खेळल्यासारखी. नंतर जोडपत्रात आज्जीचा प्रसंग दोन्ही बाजूंनी द्या: डाव्या रकान्यात पत्र खरं वाचलं ते, उजव्यात गाळून वाचलं ते, आणि त्याच पानावर खाली स्टँडवरचा प्रसंग. मधला वेळ एका ओळीत सांगा. अटी कोडमध्ये ठेवू नका, साध्या वाक्यात लिहा: "आधी बातमी गाळली असेल तरच हे दिसतं."

गिल्डनं पूर्ण संहितेऐवजी कटसीन (खेळ थांबवून दाखवलेले प्रसंग), पात्रांची यादी, मोहिमांची रूपरेषा, फ्लोचार्ट असं साहित्य घेतल्याचं मी पाहिलंय. म्हणजे तुमची अडचण नवी नाही. श्रेयनामावलीत 'लेखन' ही ओळ आत्ताच वेगळी घाला. छोट्या गटात सगळे मिळून 'निर्मिती' लिहितात आणि मग लेखकाला दाखवायला काही उरत नाही.

प्रतिसाद २

निपाणीहून. आयएफकॉम्पला जाणार असाल तर दोन गोष्टी जपा. प्रवेशिका आधी कुठंही प्रकाशित झालेली चालत नाही, तेव्हा डेमो टाकायची घाई करू नका. आणि परीक्षकाला गुण पहिल्या दोन तासांच्या खेळावरच द्यायचे असतात. तुमची आज्जी स्टँडवर किती वेळानं भेटते? दोन तासांच्या पलीकडं असेल तर तो प्रसंग अलीकडं आणा. सलग वाटेबद्दल मात्र माझं मत वेगळं. वाचणारा दमतो हो. मी असतो तर पहिलंच पान आज्जीचं ठेवलं असतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दादा, दोन रकान्यांचं डोक्यातच आलं नव्हतं; आज रात्रीच मांडून बघते. निपाणीकर, आज्जी तासाभरात भेटते, पण पावसात सगळ्या वाड्या हिंडत बसणाऱ्याला उशीर होऊ शकतो. मित्राला सांगून चवथ अलीकडं आणायलोय. आधी आयएफकॉम्प, गेम तोवर कुठंच टाकणार नाही.

आज्जीचं पान पहिलं की सलग वाट पहिली, यावर अजून कुणाचं मत असेल तर हवं आहे. दोन्ही मांडण्या तयार झाल्या की इथंच टाकते. गेम न खेळता नुसती पानं वाचून निवड कळते का, तेवढं सांगा.